टपावरचा अँटेना : बसवणी आणि जुळवणी

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड रेडिओ हा गाडीत बसवायचा छोटा वायरलेस सेट. बटण दाबून बोलायचे, सोडून ऐकायचे. त्याची ताकद चार-पाच वॉटची, म्हणजे घरातल्या लहान एलईडी दिव्याइतकी. नियमाने ती वाढवता येत नाही. त्यामुळे बोलणे दोन किलोमीटरवर विरणार की दहा किलोमीटरवर पोचणार, हे मुख्यतः गाडीवरच्या अँटेनावर आणि तो कसा बसवला आहे यावर ठरते. महागडा सेट घेऊन अँटेना कसाबसा चिकटवणाऱ्यापेक्षा साधा सेट घेऊन अँटेना नीट जुळवणारा नेहमीच लांब बोलतो.

अमेरिकेत २७ मेगाहर्ट्झवरची ही सेवा १९५८ मध्ये सुरू झाली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर ट्रकचालकांनी ती घराघरांत पोचवली आणि १९७७ च्या जानेवारीपासून तिथे ४० चॅनल मिळाले. आपल्या महामार्गांवर ती रुजली नाही. भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ एवढा पट्टा पाच वॉटपर्यंतच्या सेटसाठी परवान्याच्या अटीतून मोकळा केलेला आहे. अमेरिकी चॅनलांच्या हिशेबात त्यात पहिले २७ चॅनल बसतात, २८ ते ४० बाहेर पडतात. बाहेरून आणलेल्या ४० चॅनलच्या सेटवर वरच्या चॅनलांना हात लावायचा नाही, तो याच कारणाने. सेटला सरकारी मान्यता आहे का आणि टपावर वेगळा अँटेना लावणे या सवलतीत बसते का, हे दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून लेखी विचारून घ्यावे आणि मगच टपाला भोक पाडावे. परवानाधारक हौशी रेडिओचालकांचा, म्हणजे हॅमचा, २८ मेगाहर्ट्झचा पट्टा याच्या जवळच आहे. पुढे सांगितलेले सगळे तंत्र त्यांच्या गाड्यांनाही तसेच लागू पडते.

या तंत्राची किंमत मराठवाड्याला कळलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हॅम आपापले सेट घेऊन लातूरच्या बाजूला गेले आणि त्यांनी निरोपांची वाट उघडून दिली. अशा वेळी गाडी हेच रेडिओ केंद्र असते. बॅटरी तिचीच आणि अँटेनाचा आधारही तिचाच.

अँटेनाची लांबी लहरीच्या लांबीवरून ठरते. ३०० ला मेगाहर्ट्झने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. २७ मेगाहर्ट्झला ती सुमारे ११ मीटर. गाडीवर तिच्या पाव भागाचा दांडा लागतो, म्हणजे पावणेतीन मीटरचा. पोलिसांच्या गाडीवरचा दांडा जेमतेम अर्ध्या मीटरचा दिसतो, कारण त्यांचे बोलणे दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपास चालते आणि तिथली लहरच दोन मीटरची असते. दीड मीटर उंच मोटारीच्या टपावर पावणेतीन मीटरचा दांडा उभा केला तर टोक सव्वाचार मीटरवर जाते. फांद्या, दुकानांच्या पाट्या, तळघरातले पार्किंग, सगळीकडे ते अडणार. म्हणून दांडा आखूड करून उरलेली लांबी तारेच्या वेटोळ्याने भरून काढतात. हे वेटोळे बुडाशी, मध्ये किंवा टोकाकडे असते. दांडा जितका आखूड, तितका अँटेना कमी चॅनलांवर नीट चालतो आणि तितकी ताकद वेटोळ्यात उष्णता होऊन वाया जाते. फूटभराचे देखणे अँटेने बाजारात मिळतात. त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. सव्वा ते दीड मीटरचा दांडा ही व्यवहारातली चांगली तडजोड आहे.

दांडा हा अँटेनाचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा म्हणजे गाडीचा पत्रा. दांड्यातून प्रवाह वर जातो तेव्हा तेवढाच प्रवाह पत्र्यातून उलट बाजूने वाहावा लागतो. ही वाट तुटली तर सेट, केबल आणि दांडा निर्दोष असूनही गाडी मुकी राहते. जुळवणीतल्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच सापडते.

जागा निवडताना हेच सूत्र धरायचे. टपाचा मध्य सर्वांत उत्तम, कारण चारही दिशांना सारखा पत्रा मिळतो. अँटेना एका कोपऱ्यात असेल तर ज्या बाजूला पत्रा जास्त, त्या बाजूला आवाज जास्त जातो. मागच्या उजव्या बंपरवर दांडा असेल तर तो पुढच्या डाव्या दिशेला अधिक पोचतो. बॉनेट आणि डिक्कीचे झाकण बिजागरीवर टेकलेले असते आणि त्या बिजागरीत रंग, ग्रीस, गंज असतो. तिथे अँटेना बसवला तर झाकणापासून बॉडीपर्यंत विणलेल्या तांब्याची चपटी पट्टी जोडावी. जीपच्या धाटणीच्या गाड्यांवरचे कॅरिअर रबरी पायांवर उभे असते, म्हणजे विजेच्या दृष्टीने अधांतरी. त्यालाही अशी पट्टी हवी. पट्टीखालचा रंग पॉलिश पेपरने उजळ पत्र्यापर्यंत खरवडायचा, नटबोल्ट करकचून आवळायचे आणि वरून रंग किंवा ग्रीस लावून गंज थांबवायचा.

टपाला भोक पाडायची तयारी नसेल तर चुंबकाचा बुडखा वापरतात. त्याचा पत्र्याशी प्रत्यक्ष स्पर्श होत नाही. रंगाच्या पातळ थरातूनच दोन्हींचे नाते जुळते आणि ते बऱ्यापैकी चालते. मात्र टप लोखंडी पत्र्याचाच हवा. काचेच्या सनरूफवर, फायबरवर किंवा ॲल्युमिनियमवर चुंबक निरुपयोगी. छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या रस्त्यांवर उन्हाळ्यात जी धूळ उडते, तिच्यातले लोहकण चुंबकाखाली जमतात आणि रंगावर ओरखडे पाडतात. म्हणून बुडखा अधूनमधून उचलून दोन्हीकडून पुसावा. समृद्धी महामार्गावर वेगाने जाताना लांब दांडा मागे वाकतो. तिथे चुंबकापेक्षा बोल्टवर भरवसा ठेवणे शहाणपणाचे.

केबल ५० ओहमची, आरजी-५८ जातीची घ्यावी. ती दारात चिरडू नये. ती आत शिरण्याआधी खाली झुकती ठेवावी, म्हणजे पावसाचे पाणी तिच्यावरून घरंगळत सेटपर्यंत येणार नाही. वरच्या जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळावी. एकदा केबलच्या जाळीत पाणी मुरले की ती केबल बदलावीच लागते.

वीज थेट बॅटरीवरून घ्यावी आणि बॅटरीजवळच फ्यूज टाकावा. सिगारेट लायटरच्या खोबणीतून घेतलेल्या विजेबरोबर इंजिनाची शीळही येते. मोठ्या ट्रकची वीज २४ व्होल्टची असते आणि सेट १२ व्होल्टचा. मध्ये कन्व्हर्टर न लावता जोडला तर सेट क्षणात जळतो.

बटण दाबण्याआधी मल्टिमीटरने दोन गोष्टी पाहाव्यात. बुडख्याचा धातू आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामधला रोध अर्ध्या ओहमच्या आत असावा. ही कसोटी पत्र्याला बोल्टने जोडलेल्या बुडख्यासाठी आहे, चुंबकाच्या बुडख्याला ती लागू नाही. केबलच्या मधल्या तारेचा जाळीशी स्पर्श नसावा. मात्र काही अँटेन्यांत वेटोळेच या दोन टोकांना जोडलेले असते, तेव्हा माहितीपत्रक वाचूनच निष्कर्ष काढावा. अँटेना न जोडता बटण कधीच दाबू नये. बाहेर जायला वाट नसलेली ताकद सेटचा शेवटचा ट्रान्झिस्टर जाळू शकते.

आता जुळवणी. तिचे माप म्हणजे एसडब्ल्यूआर. सेटने पाठवलेली ताकद अँटेनाने पुरती स्वीकारली तर हे माप १ येते. दीडला सुमारे ४ टक्के ताकद परत फिरते, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. दीडच्या आत उत्तम, दोनपर्यंत चालते, तीनच्या वर बोलूच नये. हे मोजणारा छोटा मीटर सेट आणि अँटेनाची केबल यांच्यामध्ये आखूड केबलने जोडतात.

गाडी मोकळ्या मैदानात उभी करावी. इमारत, झाड, विजेच्या तारा, दुसरी गाडी जवळ नको. दारे, बॉनेट, डिक्की बंद हवीत, कारण उघडे दार पत्र्याचा आकारच बदलते. रिकामा चॅनल पाहून, न बोलता, काही सेकंद बटण दाबायचे. मीटर आधी पुढे जाणाऱ्या ताकदीवर ठेवून काटा खुणेवर आणायचा, मग परतणाऱ्या ताकदीवर फिरवून आकडा वाचायचा. भारतीय पट्ट्यासाठी चॅनल १, १४ आणि २७ वर असे तीन आकडे घ्यावेत.

निदान त्या आकड्यांतच असते. १ वर आकडा मोठा आणि २७ वर लहान असेल तर अँटेना आखूड पडतो आहे. स्क्रू सैल करून दांडा थोडा वर ओढायचा. उलट असेल तर तो लांब आहे. दांडा आत सारायचा आणि तेवढ्याने भागले नाही तरच टोक कापायचे, तेही एका वेळी दोन-तीन मिलिमीटर. कापलेला दांडा पुन्हा वाढत नाही, इथे घाई महागात पडते. दोन्ही टोकांना सारखा आणि मध्ये सर्वांत कमी आकडा आला की काम झाले. तिन्ही चॅनलांवर आकडा तीनच्या वर असेल तर दांड्याला हात लावू नये. दोष पत्र्याच्या जोडात किंवा केबलमध्ये आहे. केबल कमीजास्त करून आकडा सुधारल्याचे दाखवणारे पुष्कळ भेटतात. त्याने मीटर फसतो, अँटेना सुधारत नाही.

जुळवणी उत्तम झाली तरी भूगोल उरतोच. पैठणकडच्या सपाटीवर जे बोलणे सहज पोचते, ते कन्नडच्या औट्रम घाटात एका वळणामागे हरवते. औद्योगिक भागात खरखर वाढली तर नवल नाही, कारण २७.१२ मेगाहर्ट्झ हीच प्लास्टिक जोडणाऱ्या यंत्रांची आणि फिजिओथेरपीतल्या डायथर्मीची ठरलेली वारंवारता आहे. या पट्ट्यात त्यांच्याविरुद्ध तक्रारीची सोय नाही.

मराठवाड्यात पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात विजा पडतात. गडगडाट ऐकू आला की बोलणे थांबवावे, गाडीबाहेर असाल तर अँटेनाला हात लावू नये आणि गाडी उघड्या माळावर ठेवू नये. विजेच्या तारांखाली दांडा उभारू किंवा काढू नये. पहिल्या दिवशीचे तीन आकडे कागदावर लिहून डॅशबोर्डच्या खणात ठेवावेत आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा मोजावे. आकडा वाढलेला दिसला तर आधी पत्र्याचा जोड आणि वरची टेप तपासावी.