एकाला विचारून बघतो

मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. वैद्यकावर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला लिहिलेल्या एका चिठ्ठीमुळे माझे वडील पुढे बरीच वर्षं जगले, एवढ्या अधिकारावर आज चार गोष्टी सांगतो.

गोष्ट १९७८ सालची. आम्ही तेव्हा तारापूर गावात राहायचो. अब्बा पालघरच्या एका गवताच्या वखारीत हिशेब बघायचे आणि माणूस कमी पडला की भारेही उचलायचे. पावसाळा संपला आणि त्यांना ताप भरला. संध्याकाळी हुडहुडी, रात्री घाम, सकाळी थोडं बरं. गावच्या डॉक्टरांनी मलेरियाच्या गोळ्या दिल्या, मग टायफॉइडचं औषध दिलं. बारा दिवस झाले तरी ताप हटेना. तेराव्या दिवशी डॉक्टर खाटेवर बसले, बराच वेळ गप्प राहिले आणि अम्मीला म्हणाले, "भाभी, मला नीट कळत नाही. मुंबईत माझ्या ओळखीचे एक मोठे डॉक्टर आहेत, त्यांना विचारून बघतो."

अम्मी घाबरली. डॉक्टरलाच कळत नाही म्हणजे आता संपलंच, असं तिला वाटलं. ते वाक्य किती मोलाचं होतं, हे मला फार उशिरा उमगलं.

विचारायचं तरी कसं? अणुशक्ती केंद्र १९६९ पासून वीज तयार करत होतं, पण मुंबईला फोन करायचा तर ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट बघायची. म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. चाचा ती घेऊन एस. टी. ने बोईसरला, तिथून शटलने विरारला आणि पुढे लोकलने मुंबईला गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तर घेऊन परतले.

ती चिठ्ठी पुढे अब्बांच्या कागदपत्रांत राहिली, त्यामुळे मी ती अनेकदा वाचली आहे. जेमतेम पानभर मजकूर. रोग्याचं वय, धंदा, ताप किती दिवस, कोणत्या वेळी चढतो. कोणतं औषध किती दिलं, त्याचा उपयोग झाला की नाही. पोट तपासताना हाताला काय लागलं. आणि शेवटी, "मला यकृताची शंका येते, पण खात्री नाही." कवीला हेवा वाटावा असा नेमकेपणा! आपल्याला काय ठाऊक आहे आणि कुठपर्यंत ठाऊक आहे, हे त्यात स्वच्छ मांडलेलं होतं.

उत्तर चारच ओळींचं होतं आणि त्यातल्या दोन ओळींत प्रश्न होते. उजवा खांदा दुखतो का? उजवीकडच्या खालच्या बरगड्यांच्या मधल्या जागेत बोटाने दाबलं तर रोगी कळवळतो का? तसं असेल तर यकृतात अमिबाचं गळू असण्याचा संभव मोठा, ताबडतोब पाठवा.

खांदा दुखतच होता! गेले दहा दिवस दुखत होता. पण अब्बांना वाटत होतं, गवताचे भारे उचलून दुखतोय, त्याचा तापाशी काय संबंध? म्हणून त्यांनी सांगितलंच नव्हतं.

संबंध असा, की यकृताच्या डोक्यावर श्वासपटल असतं. त्याची नस मानेतून खाली येते आणि खांद्याच्या वरच्या भागाच्या संवेदनाही मानेतल्या त्याच ठिकाणी पोचतात. यकृतातल्या गळवाने श्वासपटल चाळवलं की मेंदूची फसगत होते. दुखणं पोटात, कळ खांद्यात. दूषित पाण्यातून आतड्यात गेलेला अमिबा रक्तावाटे यकृतात पोचतो आणि तिथे पू करतो. अब्बांना मुंबईला नेलं. सुईने चॉकलेटी रंगाचा पू काढला, मेट्रोनिडाझोल हे औषध दिलं आणि महिन्याभरात ते घरी आले.

विचारण्याची ही रीत फार जुनी आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्याने वैद्याशी चर्चा करावी, असं सांगितलं आहे. या चर्चेचे दोन प्रकार दिले आहेत. एक संधाय संभाषा, म्हणजे मिळूनमिसळून केलेली, आणि दुसरी विगृह्य संभाषा, म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. पहिल्या प्रकारात न बिचकता विचारावं, विचारलं तर मोकळेपणाने सांगावं, हार होईल म्हणून घाबरू नये आणि जिंकलो म्हणून मिरवू नये. तिकडे बगदादमध्ये हजारेक वर्षांपूर्वी अल्-राझी नावाचा थोर हकीम होऊन गेला. त्याच्याभोवती शिष्यांची कडी बसत. रोगी आधी बाहेरच्या कड्याकडे जाई. त्यांना उलगडलं नाही तर आतल्या कड्याकडे आणि कुणालाच जमलं नाही तर राझीकडे. आम्हा शायर मंडळींत यालाच इस्लाह म्हणतात. नवी गझल आधी उस्तादांना दाखवायची, मग मैफलीत वाचायची. दाखवल्याने शायर लहान होत नाही.

मात्र विचारण्यालाही वेळेचं भान हवं. महाराष्ट्रातला याचा सर्वांत गाजलेला दाखला १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीचा आहे. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात शिक्षा भोगत होते. पोटात कळा, अंगात ताप. तुरुंगातले कर्नल मरे हे स्वतः डॉक्टर, पण त्यांनी ससूनचे सर्जन कर्नल मॅडॉक यांना रोगी दाखवला. निदान झालं अपेंडिक्सचं. त्यांना ससूनमध्ये हलवलं. गांधीजींनी मुंबईचे डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता यांना बोलवावं, अशी इच्छा सांगितली. निरोप धाडले, पण ते वेळेत येऊ शकत नव्हते. पुण्यातून नामदार श्रीनिवास शास्त्री आणि डॉ. फाटक यांना बोलावून घेतलं.

मॅडॉक यांची अडचण लक्षात घ्या. रोगी सरकारचा कैदी, सर्जन इंग्रज. काही कमीजास्त झालं असतं तर देशाने कुणाचं ऐकलं असतं? आणखी डॉक्टर येईपर्यंत थांबणं त्यांच्या दृष्टीने सोयीचं होतं. पण सुजलेलं अपेंडिक्स फुटलं तर पू पोटभर पसरतो आणि पेनिसिलिनचा शोध लागायला अजून चार वर्षं होती. गांधीजींनी डॉक्टरांवर पूर्ण विश्वास असल्याचं निवेदन लिहवून घेतलं, थरथरत्या हाताने सही केली आणि मॅडॉक यांनी त्याच रात्री शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली, बॅटरीही विझली. उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. ५ फेब्रुवारीला सरकारने गांधीजींना मुक्त केलं.

म्हणजे दोन गोष्टी जमायला हव्यात. एक, योग्य वेळी विचारणं. दुसरी, वाट बघणं धोक्याचं झालं की थांबणं सोडून देणं.

हे न जमल्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे. माझा एकोणीस वर्षांचा चुलतभाऊ असाच पोट धरून लोळत होता. एका डॉक्टरने दोन दिवस वेदना थांबवणारी इंजेक्शनं दिली. चाचांनी हात जोडून विचारलं, "दुसऱ्या कुणाला दाखवू का?" त्यावर उत्तर मिळालं, "माझ्यावर विश्वास नाही का?" तिसऱ्या दिवशी मुंबईला नेईपर्यंत अपेंडिक्स फुटलेलं होतं. तो वाचला नाही. रोग कळला नाही याचा राग मी कधीच सोडून दिला. त्या एका वाक्याचा राग अजून जात नाही.

आता काळ बदलला आहे. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत धावते, २०१४ मध्ये पालघर हा जिल्हा झाला. एक्स-रेचा फोटो क्षणात मोबाइलवरून जातो. २०२० मध्ये सरकारने टेलिमेडिसिनचे नियम केले, त्यांत एका डॉक्टरने दुसऱ्याचा सल्ला घेण्याचीही तरतूद आहे. पण नुसता फोटो पाठवणं म्हणजे विचारणं नव्हे. त्या जुन्या चिठ्ठीतली हकिगत सोबत गेली पाहिजे आणि ती सांगणं बरंचसं आपल्या हाती आहे. जुने कागद फेकू नका. कोणती औषधं घेतली, ते लपवू नका. "हे कामामुळे दुखतंय" असं आपलं आपण ठरवून टाकू नका. आणि तुमचे डॉक्टर "एकाला विचारून बघतो" म्हणाले, तर माझ्या अम्मीसारखे घाबरू नका. माणूस बरा भेटला, असं समजा.

अब्बांनी हा धडा जरा जास्तच मनावर घेतला होता. पुढे आयुष्यभर, दाढ दुखली तरी ते डॉक्टरांना आधी खांद्याचं सांगायचे.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)