मुलं मेली कशी, आणि चालली कशी?

नंदुरबारच्या माणिक चौकातलं हुतात्मा स्मारक शाळकरी मुलांचं आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी, मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव होऊन महिना उलटला असताना, इथे मिरवणूक निघाली. हातात तिरंगा, हत्यार कुणाकडेच नाही. पोलिसांनी आधी लाठ्या चालवल्या, मग गोळ्या झाडल्या. झेंडा धरणारा शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा होता. बंदुकीचा रोख मिरवणुकीतल्या मुलींकडे वळला तेव्हा तो पुढे सरसावला, अशी आठवण सांगितली जाते. त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा यांनाही प्राण गमवावे लागले.

आपली बहुतेक स्मारकं मरण सांगतात. नाव, तारीख, हार, संपलं. मला खटकतं ते हे, की गोळी झाडली जाईपर्यंत ही मुलं काय करत होती, ते तिथे ठळक दिसत नाही. ती शांतपणे, रांगेनं, घोषणा देत चालत होती. लाठ्या पडल्यावरही हात न उगारणं ही पंधरा वर्षांच्या पोरासाठी फार अवघड गोष्ट आहे, आणि शिकण्यासारखी गोष्टही तीच आहे.

पाटण्याचं स्मारक या बाबतीत बोलकं आहे. ११ ऑगस्ट १९४२ रोजी सचिवालयावर तिरंगा लावायला गेलेले सात विद्यार्थी गोळीबारात गेले. शिल्पकार देवीप्रसाद रायचौधरी यांनी त्यांना झेंडा घेऊन पुढे निघालेले आणि पडतानाही पुढेच झेपावणारे असे घडवले. पाहणाऱ्याला कृती दिसते. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रिचमंड इथे विधिमंडळाच्या आवारात २००८ साली उभारलेल्या स्मारकात बार्बरा जॉन्स ही शाळकरी मुलगी आहे. तिच्या, कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत जागा अपुरी, वर्ग डांबरी कागदाच्या शेडमध्ये. म्हणून १९५१ मध्ये सोळा वर्षांच्या बार्बरानं सगळी शाळा संपावर नेली. त्यातून उभा राहिलेला खटला पुढे, १९५४ साली वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात सामील झाला.

ही मुलं ज्या मार्गानं चालली, तो आज आपला हक्क आहे: राज्यघटनेच्या कलम १९नं शांततेनं आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात तो एका ओळीत उरकतो.

अंतुले महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असताना राज्यभर हुतात्मा स्मारकं बांधायला घेतली गेली. त्यांतल्या अनेकांची आज दुरवस्था आहे. त्यांची डागडुजी होईल तेव्हा तिथे दोन ओळी जास्त लिहाव्यात: हे लोक काय मागत होते आणि ते कसं मागितलं. लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरसारख्या गावात नवं स्मारक बांधायला पैसा लागेल, पण शाळेच्या भिंतीवर नंदुरबारच्या या पाच मुलांची नावं आणि त्यांच्या मिरवणुकीची हकिगत रंगवायला रंगाचा एक डबा पुरतो. तालुक्यातल्या शिक्षकांनी येत्या ९ सप्टेंबरला एवढं तरी करावं.