मळवलीचीं चित्रें आणि संग्राहकांचा बाजार

पुणें-मुंबई लोहमार्गावर, पुण्याकडून जातांना लोणावळ्याच्या अलीकडे मळवली हें लहानसें स्थानक लागतें. कार्ल्याचीं व भाज्याचीं लेणीं पाहावयास किंवा लोहगड-विसापूर चढावयास निघालेले प्रवासी येथें उतरतात आणि डोंगराची वाट धरतात. एके काळीं याच गांवच्या एका कारखान्यांतून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती हिंदुस्थानच्या घराघरांतील भिंतींवर जाऊन बसल्या, हें त्यांपैकीं फारच थोड्यांच्या ध्यानीं असतें.

राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस शिळाछापखाना काढला. त्यांचीं तैलचित्रें राजवाड्यांतून बाहेर पडत नव्हतीं, आणि सामान्य माणसास तर तीं घरीं हवीं होतीं. १८९६ पासून मुंबईंत प्लेगनें थैमान मांडलें. तेव्हां शतक संपतां संपतां कारखाना मळवलीस आला. पुढें थोडक्याच वर्षांत तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. १९०६ सालीं रविवर्मा निवर्तले, तरी छापखान्यानें त्यांचें नांव सोडलें नाहीं. चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं दादासाहेब फाळके यांनींही या छापखान्यासाठीं काम केलें होतें. १९७२ सालीं तेथें मोठी आग लागली व बराच ठेवा जळून गेला.

शिळाछापीचें काम फार चिकाटीचें. त्यास लागणारा उत्तम चुनखडी दगड बव्हेरियांत झोलनहोफेन येथें सांपडतो. त्याच्या गुळगुळीत पृष्ठावर तेलकट शाईनें चित्र काढावयाचें, मग दगड ओला करून वरून शाई फिरवावयाची. ओला भाग शाई झिडकारतो, तेलकट भाग ती धरतो. प्रत्येक रंगास निराळा दगड; आणि तोच कागद प्रत्येक दगडावर नेमका त्याच जागीं बसला पाहिजे. केसभर ढळला तर लक्ष्मीच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरावयाचा!

एवढा खटाटोप करूनही चित्र विकावयाचें तें स्वस्त, कारण गिऱ्हाईक सामान्य गृहस्थ होता. प्रती हजारोंनीं निघत. तेव्हां जी वस्तु मुद्दाम विपुल छापली गेली, तिच्या एखाद्या प्रतीसाठीं आज लिलावांत चढाओढ कां व्हावी, आणि शेजारच्याच भिंतीवरील तसल्याच चित्रास कोणी हातही कां लावूं नये, हा प्रश्न सहजच उद्भवतो.

याचें उत्तर शोधावयास अमेरिकेंतील एका विलक्षण बाजाराकडे पाहिलें तर पुष्कळ उलगडा होतो. तेथें बेसबॉल नांवाचा, चेंडूफळीच्याच कुळांतला खेळ आहे. त्यांतील खेळाडूंचीं चित्रें छापलेलीं लहान कार्डें १९०९ ते १९११ या काळांत अमेरिकन टोबॅको कंपनी सिगारेटच्या पाकिटांत घालीत असे. होनस वॅग्नर या खेळाडूचें कार्ड छापणें लवकरच थांबलें; त्याच्या आज पन्नास-साठच प्रती ज्ञात आहेत, व त्यांतील एक २०२२ सालीं साडेबहात्तर लक्ष डॉलरांस गेली. त्याच वर्षीं मिकी मँटल याचें १९५२ सालचें, टॉप्स कंपनीचें एक निष्कलंक म्हणावें असें कार्ड एक कोटी सव्वीस लक्ष डॉलरांस विकलें गेलें. त्या वर्षींचीं न खपलेलीं कार्डें पुढें कंपनीनें समुद्रांत बुडविलीं, असें तिच्याच एका अधिकाऱ्यानें सांगून ठेविलें आहे. उरलीं तीं पोरांच्या खिशांत चुरगळलीं, सायकलच्या आऱ्यांत खोंचलीं गेलीं.

ह्या किंमती कानीं पडतांच लोक शहाणे झाले. १९८० नंतरच्या दशकांत प्रत्येकानें कार्डें जपून ठेवण्यास आरंभ केला आणि कंपन्यांनीं तीं अपरिमित छापलीं. परिणाम असा कीं, त्या काळचीं बहुतेक कार्डें आज कवडीमोलाचीं आहेत, कारण तीं कोणीं हरवलींच नाहींत. यावर नव्या काळच्या कंपन्यांनीं तोड काढली: दुर्मिळता कारखान्यांतच तयार करावयाची. कार्डावर अनुक्रमांक घालावयाचा, आणि एखाद्याची तर एकच प्रत काढावयाची. माइक ट्राउट या खेळाडूचें असें एकमेव कार्ड २०२० सालीं एकोणचाळीस लक्ष डॉलरांहून अधिक किंमतीस गेलें. मात्र ही दुर्मिळता म्हणजे छापणाराचें वचन होय. उद्यां तोच छापणारा त्याच खेळाडूचें, दुसऱ्या रंगाच्या चौकटींतलें, आणखी एक ‘एकमेव’ कार्ड काढूं शकतो. त्याला अडविणार कोण?

मळवलीच्या चित्रांना असें वचन कोणीं दिलें नव्हतें. तीं पुजण्यासाठीं घेतलीं गेलीं आणि पुजतां पुजतां झिजलीं. समईची काजळी, उदबत्तीचा धूर, कांचेआड शिरलेली पावसाळी ओल आणि कसर यांनीं आपापला वांटा उचलला. शिवाय फाटलेली देवाची तसबीर घरांत ठेवूं नये, ती नदींत सोडावी, हा आपला रिवाज. ज्या श्रद्धेनें हीं चित्रें घरोघर नेलीं, तिनेंच तीं विरळ केलीं. म्हणूनच जी लक्ष्मी सर्वांत अधिक छापली गेली असेल, तिचीही स्वच्छ, अखंड प्रत सहजासहजीं मिळत नाहीं; आणि किंमत असते ती अशा प्रतीला. डागाळलेल्या प्रतीचें केवळ वय कामास येत नाहीं.

येथें फसवणुकीसही जागा आहे. या चित्रांच्या नव्या छापील नकला विपुल निघाल्या असून, जुनाट चौकटींत बसविल्या कीं त्या आजोबांच्या वेळच्या भासतात. साधें भिंग घेऊन देवीच्या गालाकडे पाहावें. अर्वाचीन छपाईंत रंगाचे बारीक ठिपके कवायतीस उभे राहिल्यासारखे समान अंतरावर दिसतात. शिळाछापींत ते हातानें टिंबविलेले, लहानमोठे, अस्ताव्यस्त असतात. तळाशीं ‘रविवर्मा प्रेस’ व ‘कार्ला-लोणावळा’ अशीं इंग्रजी अक्षरें असल्यास उत्तम. मात्र चौकट करणारांनीं ती किनार कित्येकदां कापून टाकिली आहे, आणि नकलेवर तीं अक्षरेंही उमटतात. घरीं अशी तसबीर असल्यास ती ओल्या फडक्यानें पुसूं नये व प्लॅस्टिकमध्यें तर मुळींच मढवूं नये. त्यानें किंमत जाते आणि चित्रही.

अमेरिकन कार्डांशीं आकारानें खरें साम्य आहे तें मळवलीच्या टपाल-कार्डांचें. तींच शकुंतला, तीच सरस्वती, तळहाताएवढ्या कागदावर. हीं कार्डें कोणीं लिहून धाडलीं, कोणीं वहींत चिकटविलीं. मागील बाजूस टपालाचा स्पष्ट शिक्का असेल तर साल हातीं लागतें. पण खळ लावून वहींत डकविलेलें कार्ड ओढून सोडवूं गेल्यास पाठ सोलून निघते.

जीं चित्रें पूर्वीं बिघडलेलीं म्हणून सोडून दिलीं असतीं, अशांचा एक वर्ग संग्राहक आतां मुद्दाम शोधूं लागले आहेत. घरच्या बायकांनीं या देवींना खऱ्या कापडाचीं लुगडीं नेसविलीं, जरीचे कांठ शिवले, टिकल्या व मणी जडविले. मळवलीहून निघतांना एकसारख्या असलेल्या प्रतींपैकीं ही प्रत अशा रीतीनें निराळी झाली. चित्रकाराचें नांव कागदावर आहे, छापखान्याचेंही आहे. सुई चालविणारीचें कोठेंच नाहीं.