पीकपाहणीचें ॲप व सातबाराचें दप्तर

तलवाडा व गेवराई भागांतील शेतकरी बंधूंकडून आम्हांस पुष्कळदां विचारलें जातें कीं, मोबाइलवर पीक नोंदविलें असतां सातबारावर तें कां उमटत नाहीं? हमीभावाच्या खरेदीस कापूस अगर सोयाबीन न्यावयाचा असल्यास ही नोंद लागते. म्हणून हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

ज्यांत आपण माहिती भरतों तें ई-पीक पाहणीचें ॲप टाटा ट्रस्टच्या साहाय्यानें तयार होऊन 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालें. सातबाराचें संगणकी दप्तर मात्र राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानें बांधिलें. नमुना एकाचा, कपाट दुसऱ्याचें. अशा जोडणींत कपाट परस्पर उघडण्याची मुभा सामान्यतः नसते. ठरलेल्या खिडकीशीं मागणी द्यावयाची व आंतून उत्तर यावयाचें, असा करार असतो. गांव, गट व खातें सांगितलें कीं दप्तरांतून खातेदाराचें नांव व क्षेत्र ॲपांत येतें. मग पीक, क्षेत्र व छायाचित्र पाठविलें कीं नोंद गांवनमुना 12 कडे जाते. पूर्वीं तलाठी बांधावर विचारी आणि तोच वहींत लिही. चूक लेखणीच्या टोकाशींच कळे. आतां विचारणारा व लिहिणारा निराळे, म्हणून प्रत्येक रकान्याचा अर्थ दोन्हीकडे एकच असावा लागतो.

नांव ही दप्तराची किल्ली नव्हे. एका गांवांत एकाच नांवाचे तिघे खातेदार सांपडतात. किल्ली म्हणजे गट व खाते क्रमांक. भावाभावांत वांटणी तोंडी झाली व फेरफार मंजूर नाहीं, तर दप्तरांत तो हिस्साच नसतो. ॲप कितीहि वेळां भरलें तरी नोंद त्या भावाच्या निराळ्या खात्यावर पडणार नाहीं. आधीं फेरफार करून घ्यावा. पिकाचें नांव यादींतून निवडावयाचें असतें, तें याचसाठीं: कपाशी व कापूस हीं आपणांस एक, यंत्रास दोन.

सर्वांत मोठी गफलत क्षेत्राची. आपल्याकडे बोलणें एकर-गुंठ्यांचें, रकाना हेक्टर-आरचा. अडीच एकरांचा धनी "2 एकर 20 गुंठे" म्हणून 2.20 लिहितो. यंत्र तें 2 हेक्टर 20 आर, म्हणजे सुमारें साडेपांच एकर, समजतें. गटांत तितकें क्षेत्र नसल्यास नोंद अडते. असल्यास खोटी नोंद निमूटपणें बसते, आणि हें दुसरें अधिक वाईट. खरा आकडा 1.01: एकराचे गुंठे 40, अडीच एकरांचे 100, आणि गुंठा आरहून किंचित् मोठा.

शेतांत रेंज नसेल तर माहिती मोबाइलांतच राहते. रेंज मिळतांच ती अपलोड करावी. 2022 च्या सुधारित ॲपांत 48 तासांच्या आंत एकदां स्वतः दुरुस्ती करण्याची सोय ठेविली गेली. तेव्हां भरल्या दिवशींच ॲपांत गट, पीक व आकडा ताडून पाहावा, व कांहीं दिवसांनीं सातबाराचा उतारा काढून नमुना 12 मध्यें तोच आकडा आहे कीं नाहीं तें पाहावें. फरक दिसल्यास उतारा व छायाचित्र घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वींच्या तलाठ्याकडे, जावें.