‘लघु’ या शब्दाचा चकवा

घर, भाडं आणि कायदा : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवला. आता समजा तो संपलाय, गोरेगावच्या फ्लॅटची किल्ली परत आलीय आणि घरमालक दार उघडून आत पाहतोय. ओट्याचा ग्रॅनाइट मधोमध तडकलेला. वॉशिंग मशीनचा पाइप काढायला न्हाणीघराची भिंत फोडलेली, आणि तिथून उतरलेल्या ओलीने खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला पोपडे आलेले. मिस्त्री म्हणतो, २ लाख ४० हजार. हाताशी अनामत १ लाख. उरलेल्या १ लाख ४० हजारांसाठी कुठे जायचं?

कुणीतरी हमखास सांगतं, ‘धोबी तलावला जा. लघुवाद न्यायालयात. भाडेकरूंचं कोर्ट ते!’

भाडेकरूंचं कोर्ट खरंच, पण कशापुरतं? प्रेसिडेन्सी लघुवाद न्यायालय कायदा १८८२चा. त्याचं ४१वं कलम महाराष्ट्राने १९७६मध्ये बदललं आणि ताबा, भाडं किंवा परवाना शुल्क यांसंबंधीचे मुंबईतले दावे, मालमत्तेची किंमत कितीही असो, या न्यायालयाकडे सोपवले. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं ३३वं कलमही त्याच वाटेचं. त्यामुळे मलबार हिलचा कोट्यवधींचा फ्लॅट भाडेकरूकडून सोडवायचा असेल, तरी पायरी ‘लघु’वाद न्यायालयाचीच. ‘ताब्यासंबंधी’ हा शब्दही सर्वोच्च न्यायालयाने मनसुखलाल जैन विरुद्ध एकनाथ ओगले या १९९५च्या निकालात चांगला ऐसपैस वाचलाय. आपला ताबा टिकवायला मनाई हुकूम मागणाऱ्या परवानाधारकानेही इथेच यायचं.

कितीही ऐसपैस वाचा, तडकलेला ओटा त्या शब्दात मावत नाही. ताबा मिळालाय, भाड्याची बाकी नाही. उरलाय तो निव्वळ पैशाचा दावा, आणि तसल्या दाव्याला या न्यायालयाची मर्यादा आहे १० हजार रुपये. एवढ्यात आज मुंबईत ओट्याचा दगड आणि तो बसवायची मजुरी भागवून दाखवावी कुणी! म्हणजे कोट्यवधींच्या घराचा ताबा छोट्या कोर्टात आणि १ लाख ४० हजारांची दुरुस्ती नगर दिवाणी न्यायालयात. हे उफराटं आहे, असं माझं मत. ४१वं कलम बदलताना आकड्याची मर्यादा ताब्याच्या दाव्यांपुरती उठली, दुरुस्तीच्या बिलाचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

जुना भाडेकरू अजून घरात राहत असेल तर मात्र तोच तडा वेगळं बोलतो. घराची कायमची हानी करू नये, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ त्याला बजावतं. ते मोडलं, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६खाली मालकाला ताबा मागता येतो, आणि तो दावा लघुवाद न्यायालयातच चालतो.

भाडे नियंत्रण कायद्याखालच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्यातही अर्थ नाही. परवान्याची मुदत संपूनही न निघणाऱ्याला बाहेर काढणं आणि तेवढ्या काळासाठी दुप्पट शुल्क, इतकंच त्या कायद्याचं कलम २४ देतं. ओटा त्याच्याही यादीत नाही.

पुणेकरांसाठी एक खोच. तिथलं लघुवाद न्यायालय १८८७च्या प्रांतिक कायद्यावर चालतं, आणि त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत या न्यायालयाने काय ऐकू नये याची लांबलचक यादी आहे. २०२४मध्ये रद्द झालेल्या भारतीय दंडसंहितेच्या सतराव्या प्रकरणातला गुन्हा ठरेल अशा कृत्याची भरपाई त्यात येते, आणि त्या प्रकरणात मुद्दाम केलेली नासधूसही मोडते. म्हणजे रकमेच्या मर्यादेत बसणाऱ्या दाव्यातही रागाच्या भरात ‘प्रतिवादीने सूडाने तोडफोड केली’ असं लिहिलं, तर त्या एका वाक्यापायी दावा दाराबाहेर जाऊ शकतो. वकील असे शब्द खोडतात तेव्हा पक्षकाराला वाटतं, हे आपली बाजू मवाळ करताहेत.

चुकीच्या कोर्टात गेलात म्हणून हक्क बुडत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम १०प्रमाणे दावा योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत मिळतो. करारभंगाच्या भरपाईला मुदत ३ वर्षांची. प्रामाणिकपणे आणि तत्परतेने लढत चुकीच्या ठिकाणी गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १४खाली वजा होतो. ‘नंतर बघू’ म्हणत घरी बसून काढलेला काळ मात्र होत नाही.

योग्य कोर्ट सापडलं, तरी भाडेकरूचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं : ‘ही तर वापरातली झीज.’ भिंतीतली खिळ्यांची भोकं कुठे झीज ठरतात आणि कुठे हानी, ते पुढच्या आठवड्यात. करारासोबतची सामानाची यादी तोवर शोधून ठेवा.