गिअरबॉक्स तीनदा जळला, दोष कुणाचा?

साहेबलोकांच्या गाड्या चालविणारे ड्रायव्हर आपल्यातील पुष्कळ घरांत आहेत. गाडी इथलीच असली तर कोपऱ्यावरचा मिस्त्रीही तिचे दुखणे ओळखतो. परंतु गाडी परदेशातून आणलेली, जुनी आणि त्यात ऑटोमॅटिक असली, की बिघाड कुणाला उमगत नाही आणि खापर मात्र ड्रायव्हरच्या डोक्यावर फुटते. अशा एका प्रकरणात मला लक्ष घालावे लागले. त्यातून जे समजले ते ड्रायव्हर बंधूंना व त्यांच्या घरच्यांनाही ठाऊक असावे, म्हणून लिहितो.

ऑटोमॅटिक गाडीला क्लचचे पेडल नसते. हे तंत्र नवे नाही. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक नावाचा गिअरबॉक्स 1940 सालच्या ओल्डस्मोबाईल गाडीत दिला होता. या गिअरबॉक्सचा प्राण म्हणजे त्यातले तेल. इंजिनची ताकद चाकांकडे नेण्याचे काम टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेलच करते. आतल्या क्लच प्लेटा एकमेकींवर दाबून धरते तेही तेलाचा दाबच. गिअरला वंगण तेच, आणि आतली उष्णता बाहेर नेणारेही तेच. बऱ्याच गाड्यांत हे तेल नळीने रेडिएटरच्या टाकीतील कूलरपर्यंत जाते आणि थंड होऊन परत येते. तेल कमी पडले की पंप हवा ओढतो, दाब उतरतो, प्लेटा घसरतात आणि घसरून घसरून जळतात.

आता प्रकरण सांगतो. मालकांनी सिंगापूरहून परतताना आणलेली जर्मन बनावटीची, 1991 सालची पेट्रोल गाडी. 2008 ते 2011 या काळात तिचा गिअरबॉक्स तीनदा उघडला. दर वेळी गॅरेजने नव्या प्लेटा घातल्या, बिल केले, आणि काही महिन्यांनी गाडी पुन्हा रेस घेऊन जागच्या जागी गुरगुरू लागली. तिसऱ्या वेळी गॅरेजवाल्याने मालकांना सांगितले, “ड्रायव्हर चालत्या गाडीत रिव्हर्स टाकतो.” झाले! पगारातून दरमहा कपात सुरू झाली. शाळेत जाणारी दोन मुले असलेल्या घरात ही कपात म्हणजे काय, हे सांगायला नको.

मी पडलो बी.कॉम. झालेला कारकून. यंत्रातले मला काय कळणार? पण बिले कळतात. ड्रायव्हर भाऊंनी हिशेब द्यावा लागतो म्हणून प्रत्येक पावतीची झेरॉक्स जपून ठेवली होती. (ही सवय सर्वांनी लावून घ्यावी.) त्या मी तारखेप्रमाणे लावल्या आणि प्रत्येकीपुढे किलोमीटर लिहिले. तेव्हा एक गोष्ट डोळ्यात भरली. दोन दुरुस्त्यांच्या मधल्या काळात गिअरबॉक्सचे तेल एक-एक लिटर करून अनेकदा विकत घेतलेले होते. इंजिन थोडेफार तेल खाते, हे ऐकून होतो. पण गिअरबॉक्स बंद पेटी आहे, तो तेल खात नाही. भाऊंनाच विचारले. ते म्हणाले, “दादा, गाडीखाली एक थेंब पडत नाही. मलाबी तेच कोडं पडलंय.”

जमेच्या बाजूला तेल आहे, खर्चाची बाजू कोरी आहे. असा ताळेबंद कोणी मान्य करील काय?

कुर्ल्याच्या एका जुन्या मिस्त्रींना आम्ही एवढेच सांगितले. त्यांनी दोन प्रश्न केले. सायलेन्सरमधून पांढरा-निळसर धूर येतो का? गिअर धक्क्याने पडतात का? दोन्हींचे उत्तर होय. त्यांनी गिअरबॉक्स उघडलाच नाही. गाडीखाली शिरून एक बारीक नळी ओढून काढली. नळीतून लाल तेल ठिबकले.

जनरल मोटर्स, मर्सिडीज यांच्या जुन्या गिअरबॉक्सना व्हॅक्युम मॉड्युलेटर नावाची एक लहानशी डबी असे. इंजिनवर भार किती आहे हे ती इंजिनच्या ओढीवरून (व्हॅक्युमवरून) गिअरबॉक्सला कळविते. तिच्या आत रबराचा पातळ पडदा असतो. तो फाटला की इंजिन त्याच नळीतून गिअरबॉक्सचे तेल ओढून जाळून टाकते. तेल जमिनीवर पडत नाही, धुरावाटे जाते. तीन दुरुस्त्यांत या डबीला कोणी हात लावला नव्हता. शिवाय प्लेटांचा जळका भुगा कूलरमध्ये तसाच होता, तो नव्या प्लेटांतही शिरत राहिला. डबीची किंमत एका दुरुस्तीच्या तुलनेत किरकोळ होती.

प्रत्येक गाडीचे कारण हेच असेल असे नव्हे. तेल गुलाबी, दुधाळ दिसले तर रेडिएटरच्या आतला कूलर फुटून पाणी मिसळले असे समजावे. त्यामुळे प्लेटांचे अस्तर सुटते. निसानच्या 2005 ते 2010 च्या पाथफाइंडर, फ्रंटियर आणि एक्सटेरा गाड्यांत अमेरिकेत हा प्रकार फार गाजला आणि कंपनीला रेडिएटरची हमी 8 वर्षे किंवा 80,000 मैलांपर्यंत वाढवावी लागली. अशा गाडीत रेडिएटर तोच ठेवून नुसता गिअरबॉक्स बदलला तर नवाही जाणार. तेल काळे व जळकट वासाचे असेल तर प्लेटा घसरत आहेत. आणि तेलाची पातळी कशी पाहायची ते त्या गाडीच्या पुस्तकातच पाहावे. पुष्कळ गाड्यांत ती सपाट जागेवर, गाडी गरम असताना, इंजिन चालू ठेवून पाहतात. काहींत इंजिन बंद करून. इंजिन ऑइलच्या सवयीने सकाळी थंड गाडीची काडी पाहिली तर अंदाज चुकतो आणि तेल कमी किंवा जास्त भरले जाते. जास्त तेलही वाईटच, त्याचा फेस होतो.

चौथ्यांदा गिअरबॉक्स उघडताना डबी बदलली, कूलर व नळ्या धुतल्या आणि दाब मापून पाहिला. बिलांचा तक्ता व फाटकी डबी घेऊन आम्ही मालकांकडे गेलो. मालक समंजस निघाले. कापलेली रक्कम त्यांनी दोन हप्त्यांत परत केली. गॅरेजवाल्याने मात्र तीनपैकी एकाही दुरुस्तीचा पैसा परत केला नाही.