विद्युत-गिटारीची तबली : स्प्रूस काष्ठाचा नादगुणावर व समतोलावर होणारा परिणाम

तंतुवाद्याचा नाद तारेत उत्पन्न होतो. परंतु तो श्रोत्याच्या कानापर्यंत पोचविण्याचे कार्य तार स्वतः फारसे करू शकत नाही. तार बारीक असते आणि बाजूच्या हवेला कापीत जाते, हवेला ढकलीत नाही. हे ढकलण्याचे काम तबली करते. मिरजेच्या तंबोऱ्यात तुनाच्या काष्ठाची तबली घोडीवाटे तारेची कंपने घेते व आपल्या विस्तृत पृष्ठभागाने ती हवेत सोडते. पाश्चात्त्य गिटारीत हेच कार्य स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या काष्ठाकडे सोपविलेले असते. विद्युत-गिटारीत मात्र श्रोत्याला ऐकू येणारा नाद तबलीतून येतच नाही. मग तेथे स्प्रूसचे प्रयोजन काय? अमरावती-अकोल्याकडील होतकरू वादक ‘स्प्रूसची तबली’ या शब्दांसाठी पदरची बरीच रक्कम मोजावयास तयार असतात. तेव्हा या प्रश्नाचा पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने विचार करणे केवळ शास्त्रीय कुतूहलापुरते मर्यादित राहत नाही.

प्रथम काष्ठाचे गुणधर्म पाहू. स्प्रूसची घनता दर घनमीटरास सुमारे ४२० किलोग्रॅम असते व त्याच्या तंतूंच्या दिशेने ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ५,००० मीटर भरतो. मेळघाटच्या अरण्यात विपुल असलेल्या सागाची घनता सुमारे ६५० व त्यातील वेग सुमारे ४,३०० आहे. विद्युत-गिटारीत प्रचलित असलेल्या मेपल काष्ठाची घनता सुमारे ७०० व वेग सुमारे ४,२०० आहे. तबलीची ध्वनिप्रक्षेपणाची योग्यता वेगास घनतेने भागून अजमावतात. तसे केल्यास स्प्रूसचा अंक १२, सागाचा साडेसहा व मेपलचा ६ येतो. हलके असूनही ताठ असणे हे स्प्रूसचे वैशिष्ट्य होय. हवेत नाद सोडणाऱ्या वाद्यात त्याला मान मिळाला, तो या कारणाने.

आता विद्युत-गिटारीकडे वळू. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा जो नियम फॅरडेने १८३१ मध्ये शोधून काढला, त्यावर तिचे ध्वनिग्राहक म्हणजे ‘पिकअप’ आधारलेले आहे. चुंबकाजवळ पोलादी तार हलली म्हणजे भोवतालच्या वेटोळ्यात विद्युत्दाब निर्माण होतो. हे साधन तारेची गती टिपते. हवेतील ध्वनी टिपत नाही. म्हणून वर दिलेले प्रक्षेपणाचे अंक येथे प्रत्यक्षपणे गैरलागू ठरतात. १९४० च्या सुमारास लेस पॉल या वादकाने देवदारवर्गीय लाकडाच्या एका भरीव ओंडक्यावर तारा व पिकअप बसवून वाद्य तयार केले. दोन्ही बाजूंना जोडलेल्या गिटारीच्या अर्ध्या पोकळ बाजू मुख्यतः रूपापुरत्या होत्या. नादोत्पत्तीसाठी पोकळ पेटीची अपरिहार्यता नाही, हे त्यामुळे प्रत्ययास आले.

तथापि तबलीचा परिणाम शून्य असतो, असेही म्हणता येत नाही. तारेतील ऊर्जा घोडीवाटे थोडी थोडी बाहेर जाते. घोडी जितकी नमते, तितकी ही गळती अधिक व स्वर तितका लवकर विरतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जाड तारेचा तरंग-अवरोध बारीक तारेच्या सुमारे चौपट असतो. त्यामुळे तिच्यातील तरंग घोडीवर येऊन आपटतो, तेव्हा दर खेपेस चौपट हिश्शाने ऊर्जा गमावतो. परंतु त्या तारेचे कंपन सेकंदास ८२ आणि बारीक तारेचे ३३० असल्याने तिच्या खेपाही चौथाईच होतात. दोहोंचा गुणाकार जवळजवळ सारखा येतो. कारण सर्व तारांची लांबी एकच व ताण साधारण सारखा असतो. याचा अर्थ असा की, घोडी सर्व कंपनसंख्यांना सारखीच नमली, तर सर्व तारांच्या मूलस्वरांचा समतोल आपोआप राखला जाईल. समतोल बिघडतो तो घोडी काही विशिष्ट कंपनसंख्यांना अधिक नमते म्हणून. हे अधिक नमणे म्हणजेच तबलीचा अनुनाद होय.

या कसोटीवर तीन प्रकार वेगळे करावे लागतात. पहिला प्रकार पोकळ अंगाच्या विद्युत-गिटारीचा. १९३६ च्या गिब्सन ई.एस. १५० या वाद्याला स्प्रूसची कोरीव तबली होती, आणि चार्ली ख्रिश्चनच्या वादनाने ते वाद्य ख्यातनाम झाले. अशा वाद्यात पेटीतील हवेचा व तबलीचा पहिला अनुनाद खर्जाच्या बाजूस, साधारण १०० ते २०० कंपनांच्या परिसरात पडतो. तेथील स्वर प्रारंभी भरदार उमटतात, पण लवकर विरतात. शिवाय ध्वनिवर्धकातून आलेला मोठा आवाज हलकी तबली पुन्हा हलवितो, ती तारेला हलविते, आणि वाद्य आपोआप घुमू लागते. हा दोष टाळण्यासाठीच १९५८ च्या ई.एस. ३३५ मध्ये थरांची तबली घेऊन पेटीच्या मध्यभागी मेपलचा भरीव ठोकळा बसविण्यात आला.

दुसरा प्रकार भरीव अंगावर स्प्रूसचा थर दिलेल्या वाद्याचा. येथे थर स्वतंत्रपणे कंप पावू शकत नाही. मागील लाकडाशी तो एकजीव असतो. घोडीजवळचे अंग फारच थोडे नमते, आणि ऊर्जेची गळती मुख्यतः दांडीतून होते. फ्लायशर व झ्विकर या जर्मन संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या मापनांत, काही पडद्यांवरील स्वर अकाली विरण्याचे कारण दांडीच्या कंपनात आढळले. तेव्हा या प्रकारात थराच्या जातीचा नादावरील परिणाम अल्पच मानावा लागेल. वजनातील फरक मात्र निश्चित आहे. ०·११ चौरस मीटर क्षेत्राचा व सरासरी १२ मिलिमीटर जाडीचा थर धरल्यास स्प्रूसचा थर मेपलपेक्षा सुमारे पावणेचारशे ग्रॅमने व सागापेक्षा सुमारे तीनशे ग्रॅमने हलका भरतो. खांद्याला त्यामुळे आराम मिळतो. परंतु अंग हलके झाल्याने दांडीचे टोक खाली झुकण्याची प्रवृत्ती वाढते. एका समतोलाच्या लाभासाठी दुसरा समतोल गमवावा लागतो, तो असा.

तिसरा प्रकार तबलीला किंवा घोडीला स्पर्शग्राहक चिकटविलेल्या वाद्याचा. सतारीलाही असे ग्राहक लावतात. हे साधन तारेची नव्हे, तर काष्ठाची कंपने टिपते. म्हणून येथे तबलीचे काष्ठ, जाडी व आतील आधारपट्ट्या यांना पूर्ण महत्त्व आहे.

वऱ्हाडाच्या दृष्टीने आणखी एका बाबीचा विचार अवश्य केला पाहिजे. अकोल्यास मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो व हवा अतिशय कोरडी असते. श्रावणात तीच हवा दमट होते. काष्ठातील आर्द्रता त्यानुसार सुमारे ४-५ टक्क्यांपासून १५ टक्क्यांपर्यंत बदलू पाहते. रोगणामुळे हा बदल मंदावतो, थांबत नाही. आर्द्रतेत ८ टक्क्यांचा फरक पडला, तरी ४० सेंटिमीटर रुंदीची स्प्रूसची तबली आडव्या दिशेने सुमारे ४ मिलिमीटर आकसू पाहते. कडा सरसाने जखडलेल्या असल्याने आकसण्यास वाव नसतो, आणि परिणामी तबली तडकते. भरीव अंगाच्या वाद्यात हा धोका पुष्कळच कमी असतो. साग तर स्वभावतःच स्प्रूसपेक्षा कमी आकसतो.

सारांश, स्प्रूसची श्रेष्ठता खरी आहे, पण ती हवेत नाद सोडणाऱ्या तबलीची श्रेष्ठता आहे. पोकळ अंगाची किंवा स्पर्शग्राहकाची गिटार घेणाऱ्याने स्प्रूससाठी अधिक मूल्य द्यावे. मात्र उन्हाळ्यात ती पेटीत, ओलाव्याची सोय करून ठेवावी. भरीव अंगाची गिटार घेणाऱ्याने तेच मूल्य चांगल्या पिकअपवर, पक्क्या घोडीवर व ताठ दांडीवर खर्च करावे. आणि मेळघाटच्या जुन्या, मुरलेल्या सागातून असे भरीव अंग कोणी घडविले, तर त्याच्या नादाविषयी शंका घेण्यास पदार्थविज्ञानात आधार नाही. त्याचे वजन तेवढे वाहावे लागेल.